कल्याणच्या निर्वासित-छावण्या आणि वैद्यकीय तपासणीतील एक अनुच्चारित प्रश्न

टिटवाळ्याच्या गणपतीचे दर्शन आटोपून मुंबईकडे निघालेली गाडी आंबिवली सोडून शहाडला आली म्हणजे डाव्या हातास दाट वस्तीचे एक नगर दिसू लागते. कसारा व कर्जत ह्या दोन लोहमार्गांच्या बेचक्यात वसलेले हे उल्हासनगर होय. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. तत्पूर्वी हा प्रदेश ‘कल्याण कॅम्प’ म्हणून ओळखला जाई. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी उभारलेल्या बराकी युद्धानंतर रिकाम्या पडल्या होत्या. सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांना त्याच बराकींत जागा देण्यात आली. पाच छावण्यांना दिलेले क्रमांक हेच पुढे ह्या नगराच्या भागांचे नाव झाले.

ह्या नगराच्या स्थापनेचा वृत्तान्त देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. निर्वासित मनुष्य सरकारी किंवा धर्मादाय वैद्यकासमोर प्रथम उभा राहतो, तेव्हा त्याला काय विचारले जाते आणि काय विचारले जात नाही, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. ‘देवी काढल्या आहेत काय?’ हे विचारले जाते. ‘ताप येतो काय, खोकला किती दिवसांचा?’ हेही विचारले जाते. ‘तुमच्या देहाला कोणी जाणूनबुजून यातना दिल्या काय?’ हा प्रश्न मात्र फार अलीकडचा आहे. तो कोणी, केव्हा व कशासाठी विचारला, आणि विचारणाऱ्या आरोग्यसेवकांना काय अनुभव आला, ह्याचा मागोवा घेतला असता एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. विचारणाऱ्याची सहृदयता ह्या प्रश्नाला पुरेशी पडत नाही. आलेल्या उत्तराचे पुढे काय करायचे ह्याची सोय जेथे होती, तेथेच तो विचारला गेला. आणि ती सोय ज्या हेतूने झालेली असे, त्या हेतूचा रंग प्रश्नालाही चढला.

कल्याणला वैद्यकीय तपासणी नवी नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला, १८९७ साली साथरोगांचा कायदा आला, आणि मुंबईबाहेर पडणाऱ्या प्रवाशांना कल्याण जंक्शनवर गाडीतून उतरवून तपासण्यात येऊ लागले. काखा आणि जांघा चाचपून गाठ आहे की काय हे पाहावयाचे, संशय आल्यास माणसाला वेगळे ठेवावयाचे, असा तो प्रकार होता. पुण्यात त्याच धोरणाच्या अंमलबजावणीतून उसळलेला संताप व २२ जून १८९७ रोजी रँडवर झडलेल्या गोळ्या हा इतिहास मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. येथे त्यातील एकच बाब ध्यानात घ्यावयाची आहे. ह्या तपासणीच्या दृष्टीने प्रवाशाचा देह हा रोगाचा वाहक होता. तो इतरांना काय देईल ही चिंता होती; त्याला काय सोसावे लागले हा विचार त्यात बसत नव्हता. बंदरांवरील आणि रेल्वेवरील आरोग्यव्यवस्था ह्या विचारावरच रचली गेली, आणि पन्नास वर्षांनंतर सिंधी निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा मुंबई इलाख्याच्या हाती हीच व्यवस्था होती.

सिंधमधील निर्गमनाचे स्वरूप पंजाबातल्याहून निराळे होते, आणि ही भिन्नता नजरेआड केली तर आपले सगळे विवेचन चुकेल. पंजाबात १९४७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झाली तशी सामूहिक कत्तल सिंधमध्ये झाली नाही. हैदराबाद (सिंध) येथे १७ डिसेंबर १९४७ रोजी आणि कराचीत ६ जानेवारी १९४८ रोजी दंगली झाल्या. कराचीत गुरुद्वारात आश्रयाला असलेल्या शिखांवर हल्ला झाला व मागोमाग शहरभर लुटालूट झाली. त्यानंतर ज्यांनी जायचे की राहायचे हे ठरविले नव्हते त्यांनीही बिछाने बांधले. कोणी आगबोटीने मुंबईस, कोणी काठेवाडच्या बंदरांत, कोणी रेल्वेने मारवाडच्या वाटेने आले. ह्यांपैकी बहुसंख्यांच्या वाट्याला मारहाणीपेक्षा भय, अपमान आणि सर्वस्वाचा त्याग हे अधिक आले. तेव्हा कल्याणच्या छावण्या यातनापीडितांनी भरलेल्या होत्या असे चित्र उभे करणे अनैतिहासिक ठरेल. तथापि बहुसंख्यांवर एखादी आपत्ती आली नाही म्हणजे ती कोणावरच आली नाही असे होत नाही. आणि न विचारता ह्या दोहोंतला भेद कळण्याचा मार्गही नाही.

१९४८ साली मुंबई सरकारने निर्वासितांसंबंधी स्वतंत्र कायदा केला. त्यान्वये निर्वासितांनी नाव नोंदविणे आवश्यक ठरले व त्यांना ठरावीक छावणीत पाठविण्याचा अधिकार सरकारकडे आला. नोंदणी, शिधा, जागा आणि टोचणी ह्या चार गोष्टींभोवती छावणीचे प्रशासन फिरत असे. एकेका बराकीत गोणपाटांचे वा जुन्या साड्यांचे आडपडदे लावून अनेक कुटुंबे राहिली, तर पटकी, विषमज्वर व देवी ह्यांचे भय किती असेल हे सांगणे नको. ते भय निराधार नव्हते. लस टोचणारा डॉक्टर, कंपाउंडर व परिचारिका ह्यांनी हजारोंच्या रांगा हातावेगळ्या केल्या, आणि त्यामुळे किती जीव वाचले असतील ह्याचा विचार केला तर त्या रांगेला कोरडेपणाचा दोष देण्यास मन धजत नाही. परंतु रांगेत खाजगी बोलणे शक्य नसते. मागे शेजारी उभा असतो, पुढे दीर उभा असतो, आणि दंडावर सुई टोचण्यास लागणारा अर्धा मिनिट हाच वैद्यकाशी असलेला संबंध असतो.

ह्याच निर्वासितांना सरकारने एक प्रश्न मात्र अतिशय तपशिलाने विचारला. १९५० च्या विस्थापित व्यक्ती (दावे) कायद्यान्वये मागे राहिलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे मागविण्यात आले. घर कोठे होते, खोल्या किती, जमीन किती, पुरावा कोणता, हे सारे भरून द्यावयाचे होते. त्यांची छाननी करण्यास अधिकारी नेमले गेले, आणि १९५४ च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्याने छाननीतून उतरलेल्या दाव्यांना भरपाईची वाट मिळाली. शिकारपूरच्या वाड्याला नमुना होता. वाड्याच्या मालकिणीवर काय गुदरले ह्याला नमुना नव्हता. ह्यात कोणाच्या मनाचा दोष दाखविण्याचा उद्देश नाही. मालमत्तेची भरपाई करता येते, म्हणून तिच्याबद्दल विचारता येते. ज्याची भरपाई कोणत्याही खात्याला करता येत नव्हती त्याच्याबद्दल विचारण्यास कोणी नेमलेलाच नव्हता, इतकेच.

हा नियम कल्याणपुरता नाही हे दाखविण्यासाठी महाराष्ट्रातलीच दुसरी छावणी पाहू. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुले ह्यांचा भरणा अधिक होता. १९४०-४१ मध्ये सोव्हिएट सत्तेने पूर्व पोलंडमधून ह्या लोकांना उचलून सैबेरिया व कझाकस्तानात नेले होते. १९४१ च्या जुलैमधील करारानंतर त्यांची सुटका झाली, आणि १९४२ मध्ये जनरल आंडर्सच्या सैन्याबरोबर ते कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. सिंधी निर्वासितांच्या बाबतीत ‘यातना’ हा शब्द जपून वापरावा लागतो. येथे तसे नाही. अटक, रात्रीच्या चौकशा, सक्तीची मजुरी आणि उपासमार ह्यांतून ही माणसे आली होती, आणि हे सारे राज्यसत्तेने योजनापूर्वक घडविलेले होते.

पहलवीच्या किनाऱ्यावर त्यांचे जे स्वागत झाले तेही वैद्यकीयच होते. वाळूत कुंपण घालून एक ‘अशुद्ध’ व एक ‘शुद्ध’ असे दोन भाग केलेले होते. अशुद्ध भागात अंगावरची चिरगुटे जाळावयाची, केस भादरावयाचे, स्नान घालून निर्जंतुक करावयाचे, आणि मग शुद्ध भागात सोडावयाचे. प्रलापक सन्निपाताची साथ उवांमधून पसरते, तेव्हा ह्याला इलाज नव्हता. कराचीमार्गे भारतात आल्यावर क्षयी मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवण्यात आले. मुंबईतील पोलिश वकिलातीच्या प्रमुखांच्या पत्नी किरा बनासिन्स्का ह्यांनी रेडक्रॉसच्या वतीने ह्या कार्यात फार मोठा वाटा उचलला. फुप्फुसाची काळजी घेतली गेली, दातांची घेतली गेली, आणि ती मनापासून घेतली गेली.

मग ‘तुमच्यावर काय गुदरले?’ हे ह्या लोकांना कोणीच विचारले नाही काय? विचारले, पण वैद्यकाने नव्हे. पोलिश सैन्याच्या एका विभागाने इराण-इराकमध्ये सुटून आलेल्यांकडून प्रश्नावली भरून घेतल्या: अटक केव्हा झाली, चौकशी कोणत्या रीतीने झाली, छावणीत काम किती व अन्न किती, कोण कोण मेले. मुलांकडूनही निबंध लिहवून घेतले. हे हजारो कागद आज अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील हूव्हर संस्थेत सुरक्षित आहेत. सोव्हिएट राजवटीविरुद्ध पुरावा उभा करणे हा त्या संग्रहाचा हेतू होता, आणि म्हणूनच तो जमला. सांगणाऱ्याचे दुःख हलके व्हावे हा हेतू त्यात दुय्यमही नसावा. १९४८ मध्ये पोलिश लोक निघून गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींत सिंधी निर्वासित आणून ठेवण्यात आले. आजचे गांधीनगर ते हेच. एकाच छपराखाली पाठोपाठ राहिलेल्या ह्या दोन समाजांपैकी एकाच्या यातनांचे दप्तर समुद्रापार तयार झाले, दुसऱ्याच्या वाड्यांचे व शेतांचे दप्तर दिल्लीत तयार झाले.

पंजाबात हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. वाह येथील छावणीत गांधीजींनी १९४७ च्या ऑगस्टच्या आरंभी डॉ. सुशीला नय्यर ह्यांना मागे ठेवले. (पुढे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या उभारणीमुळे त्या आपल्याकडे परिचित झाल्या.) वाहसारख्या ठिकाणी वैद्यकाला जखमांबद्दल विचारावे लागतच नव्हते; जखमा समोर दिसत होत्या. परंतु जी दिसत नव्हती अशी एक यातना होती, आणि तिच्याबद्दल विचारण्याचे काम राज्याने अंगावर घेतले. ६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही देशांत अपहृत स्त्रियांच्या सुटकेचा करार झाला, आणि १९४९ च्या अखेरीस भारताने त्यासाठी कायदा केला. त्या वर्षाअखेरपर्यंत भारतातून १२,५५२ व पाकिस्तानातून ६,२७२ व्यक्तींची सुटका झाल्याची नोंद आहे. मृदुला साराभाई ह्यांच्या नेतृत्वाखाली अनेक स्त्रिया ह्या कामात उतरल्या. त्यांपैकी कमळाबेन पटेल ह्यांनी पुढे गुजरातीत आपल्या आठवणी लिहिल्या, आणि उर्वशी बुटालिया, रितू मेनन व कमला भसीन ह्यांच्या १९९८ मधील ग्रंथांनी ह्या कार्यकर्त्यांचे अनुभव अभ्यासकांपुढे आणले.

ह्या अनुभवांचे मर्म असे की, येथे प्रश्न विचारला जात होता, त्याचे उत्तरही मिळत होते, परंतु निर्णय त्या उत्तरावर अवलंबून नव्हता. कायद्याने १ मार्च १९४७ ही तारीख धरली होती. त्या तारखेनंतर कुटुंबापासून दुरावलेली व परधर्मीयाच्या घरात आढळलेली स्त्री अपहृत मानली जाई. वाद निघाल्यास निकाल न्यायाधिकरण देई, आणि स्त्रीची स्वतःची इच्छा निर्णायक नव्हती. ज्या बाईने रात्रभर बसून सगळी हकिगत सांगितली, तिलाच सकाळी ट्रकमध्ये बसविण्याचे काम त्याच कार्यकर्तीकडे आले. ज्या गर्भवती होत्या त्यांचे गर्भपात शहरांतील रुग्णालयांत गुपचूप करण्यात आले. त्या काळी तो कायद्याने गुन्हा होता, तरी राज्याने डोळेझाक केली. झालेली मुले आईबरोबर न्यावयाची की मागे ठेवावयाची ह्यावर कार्यकर्त्यांतच तीव्र मतभेद झाले. रामेश्वरी नेहरू ह्यांनी तर सक्तीच्या सुटकेला विरोध करून आपले पद सोडले. ऐकणाऱ्याला ऐकलेल्याचा भार होतो हे मानसशास्त्राने नंतर सांगितले. ह्या स्त्रियांनी ते आधीच अनुभवले होते, व तो भार दुप्पट होता, कारण ऐकलेले ज्याच्या कामी येणार तो सांगणारीचा पक्ष नव्हता.

आणि ज्यांचे मन अगदीच ढासळले त्यांचे काय? कल्याणपासून रेल्वेने सुमारे वीस किलोमीटरवर ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. परंतु त्या काळच्या कायद्याप्रमाणे वेडा ठरलेल्या माणसासाठी ते होते; झोप उडालेल्या, आवाज झाला की दचकणाऱ्या, भाकरी करता करता थबकून बसणाऱ्या बाईसाठी नव्हते. बराकीची रांग आणि वेड्यांचे इस्पितळ ह्या दोहोंच्या मध्ये काहीच नव्हते. १९५० मध्ये दोन्ही देशांनी मनोरुग्णांचीही धर्मवार अदलाबदल केली, आणि सआदत हसन मंटो ह्यांच्या कथेमुळे ती घटना साहित्यात अमर झाली. पण भारतीय मनोविकारशास्त्राच्या लिखाणात फाळणीला अनेक दशके फारसे स्थानच मिळाले नाही. संजीव जैन व आलोक सरीन ह्यांनी संपादित केलेला ग्रंथ २०१८ साली आला तो ह्याच मौनाची दखल घेण्यासाठी. कथाकाराने जे ऐकले ते वैद्यकाच्या कानी आले नाही, असे नव्हे. वैद्यकाच्या नोंदवहीत त्याला रकाना नव्हता.

हा रकाना जगात प्रथम आखला गेला तो १९७० नंतर. ग्रीसमधील लष्करी राजवट व १९७३ मधील चिलीतील सत्तांतर ह्यांतून निसटलेले लोक युरोपात आश्रय मागू लागले, आणि ‘माझा छळ झाला’ हे त्यांचे म्हणणे खरे की खोटे हे ठरविण्याची गरज निर्माण झाली. १९७४ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या विनंतीवरून डेन्मार्कमध्ये वैद्यकांचा एक गट उभा राहिला. १९८२ मध्ये डॉ. इंगे गेनेफ्के ह्यांनी कोपनहेगन येथे यातनापीडितांसाठी केंद्र काढले. लंडनमध्ये १९८५ साली तशीच संस्था काढणाऱ्या हेलन बँबर १९४५ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी बेल्सनच्या मुक्त झालेल्या छळछावणीत मदतनीस म्हणून गेल्या होत्या. तेथे लोक हात घट्ट धरून आपली कहाणी सांगत, आणि आपण ऐकण्यापलीकडे काही करू शकत नाही, पण ऐकणे हेही काही आहे, असे त्यांना तेथे उमगले. बेल्सनपासून लंडनच्या संस्थेपर्यंत चाळीस वर्षे गेली ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. दरम्यान १९७५ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेने टोकियो येथे वैद्यकांनी छळात भाग घेऊ नये असा जाहीरनामा काढला, १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी यातनाविरोधी करार संमत केला, आणि १९९९ मध्ये यातनांच्या वैद्यकीय तपासाची पद्धत सांगणारी ‘इस्तंबूल संहिता’ तयार झाली. तिची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये निघाली.

पद्धत तयार झाली म्हणून प्रश्न सर्वत्र विचारला जाऊ लागला असे मात्र नव्हे. अमेरिकेतील न्यूयॉर्क येथे परदेशांत जन्मलेल्या १२१ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्यांपैकी ८ जणांनी यातना सोसल्याचे आढळले, आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. २००६ मधील बोस्टनच्या अशाच पाहणीत हे प्रमाण शेकडा अकरा भरले. युद्ध व विस्थापन ह्यांतून गेलेल्या लोकांच्या अनेक पाहण्या एकत्र करून २००९ मध्ये जो अंदाज काढला गेला त्यात ते शेकडा एकवीसच्या सुमारास आहे. अर्थात् देश, लिंग व स्थलांतराचे कारण ह्यांप्रमाणे हे आकडे फार बदलतात, म्हणून ते कल्याणवर जसेच्या तसे बसविता येणार नाहीत.

डॉक्टर व परिचारिका का विचारत नाहीत, ह्याची त्यांनी स्वतः सांगितलेली कारणे मात्र कोठल्याही छावणीला लागू पडावीत अशी आहेत. पहिले कारण वेळ: दहा मिनिटांत जे मिटविता येत नाही ते उघडू नये. दुसरे भय: खपली निघेल, माणूस समोर कोसळेल, मग काय करायचे? तिसरे, पुढे पाठवायला जागा नाही. मानसोपचार करणारा नाही, असला तर त्याला भाषा येत नाही. चौथे, दुभाष्या. तो बहुधा त्याच समाजातला असतो, कधी रुग्णाचा मुलगाच असतो, आणि जे पत्नीने पतीला सांगितले नाही ते ती मुलाच्या तोंडून डॉक्टरला कसे सांगणार? ह्यांखेरीज एक कारण सहसा उघड बोलले जात नाही: ऐकणाऱ्याची स्वतःची झोप जाते.

पीडिताच्या बाजूनेही अडचणी आहेतच. अनेक तुरुंगांतून छळाच्या वेळी डॉक्टर हजर असे. कैदी आणखी किती सोसू शकेल हे तो सांगे. अशा माणसाला पांढरा अंगरखा पाहून धीर येत नाही. हृदयाचा आलेख काढण्यासाठी छातीला तारा चिकटविल्या की विजेचे झटके आठवतात. दाताच्या डॉक्टरची खुर्ची, अरुंद खोली, बाहेर ताटकळत ठेवणे, ह्या साध्या गोष्टीही त्याला साध्या राहत नाहीत. तळपायांवर फटके खाल्लेला मनुष्य वर्षानुवर्षे पाय दुखतात म्हणून दवाखान्यात येतो आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन जातो. अनुभवी सेवक म्हणून एकदम ‘छळ झाला काय’ असे विचारत नाहीत. देश का सोडावा लागला, अटक झाली होती काय, तेथे कसे वागविले, अशा पायऱ्यांनी ते उतरतात, आणि सांगणे न सांगणे तुमच्या इच्छेवर आहे हे आधी सांगतात.

आपल्या भाषेत ही अडचण आणखी एका प्रकारे येते. ‘छळ’ हा शब्द आपण सासूच्या जाचालाही लावतो, सावकाराच्या तगाद्यालाही लावतो, आणि पोलीस कोठडीतल्या मारालाही लावतो. ‘तुमचा छळ झाला का?’ ह्या प्रश्नाला मराठी स्त्री जे उत्तर देईल ते बहुधा घराविषयीचे असेल. ‘यातना’ म्हणावे तर त्याला नरकाचा व पुराणाचा वास येतो. पोलिसी व्यवहारात रूढ झालेला ‘थर्ड डिग्री’ हा शब्दच सर्वांना नेमका कळतो, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

तथापि ह्या शब्दाच्या पसरटपणातूनच आपल्याकडे ह्या प्रश्नाचा खरा अभ्यास सुरू झाला, हे नमूद केले पाहिजे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. यातनाविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुमोदन दिलेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले यातनाप्रतिबंधक विधेयक पुढे व्यपगत झाले. तेव्हा आश्रय मागणाऱ्याच्या अंगावरील व्रणांचा दाखला देण्याची वैद्यकीय परंपरा येथे रुजण्यास कारणच घडले नाही. परंतु २००० च्या सुमारास मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ ही संशोधन-संस्था ह्यांनी वांद्रे येथील भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. भाजलेल्या, पडलेल्या, विष घेतलेल्या स्त्रियांना घरातील मारहाणीविषयी विचारण्याचे शिक्षण तेथील परिचारिकांना व डॉक्टरांना देण्यात आले. ‘जिन्यावरून पडले’ हे उत्तर आल्यावर पुढे काय विचारावे, नवऱ्याला बाहेर कसे बसवावे, नोंद काय करावी व कोठे पाठवावे, हे तेथे मराठी-हिंदीत घडविले गेले. उत्तराचे पुढे काय करायचे ह्याची सोय आधी केली आणि मग प्रश्न विचारण्यास शिकविले, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे. आणि ती सोय सांगणारीसाठी होती, १९४९ सारखी तिच्यावरचा हक्क ठरविण्यासाठी नव्हती. निर्वासितांच्या तपासणीचा अभ्यास करणाऱ्याने कोपनहेगनकडे पाहण्यापूर्वी वांद्र्याकडे पाहावे असे आम्हांस वाटते.

कल्याणच्या छावण्यांसंबंधी आता काम करावयाचे तर लस-टोचणीच्या आकड्यांपाशी थांबून चालणार नाही, पण म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन १९९९ ची संहिता वाचून दाखवूनही भागणार नाही. ज्या मुलांनी ती रांग पाहिली ती आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांना त्यांच्यावर काय गुदरले हे विचारण्याऐवजी रांगेविषयी विचारावे: सुई कोणी टोचली, आई पुढे होती की मागे, डॉक्टर कोणती भाषा बोलत होता, आईने त्याला काही सांगितले काय. आम्ही येथे पंजाबातील कार्यकर्त्यांचा अनुभव सविस्तर दिला तो ह्याच कारणास्तव. उत्तर आपल्या प्रबंधाच्या कामी येणार आहे हे विचारणाऱ्याने आधीच सांगितले पाहिजे. शोध कोठून सुरू करावा ही अडचण येथे इतर ठिकाणांपेक्षा कमी आहे. उल्हासनगरात पत्ता सांगताना आजही छावणीचा क्रमांक व त्यापाठोपाठ बराकीचा क्रमांक सांगतात. जुन्या बराकींच्या जागी मजल्यांवर मजले चढले, तरी पाकिटावर तोच आकडा लिहिला जातो. आणि त्या आकड्यावरून १९४८-४९ मध्ये त्या आडपडद्यांआड कोणकोण शेजारी होते, हे सांगणारी माणसे घरोघर आहेत.